नियमांची आवृत्ती बदलली. गोदामातल्या पुस्तकांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान प्रकाशकाने डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या २०१४ च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या, नियमांवर तीन पुस्तकं काढली: एक मोठं ॲडव्हेंचर (खेळायला तयार कथानक), एक मॉन्स्टरांचा संग्रह आणि एक नव्या सबक्लासेसचं (पात्रांच्या वर्गांच्या उपप्रकारांचं) पुस्तक. तिन्हींच्या शेवटच्या पानावर ओपन गेम लायसन्स १.०ए, म्हणजे ओजीएल, हा मूळ नियमांचा मजकूर वापरायची मुभा देणारा परवाना छापलेला आहे. आता २०२४ चे नियम आले, पाठोपाठ नवं एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे इतरांना वापरायला खुला केलेला नियमांचा भाग) आलं, आणि छापील प्रती गोदामात पडून आहेत. त्या विकायची परवानगी अजून आहे का? पुढचं मुद्रण कोणत्या परवान्याखाली करायचं? आणि दुकानदार हा माल घेतील का?

सरळ उत्तर आधी देतो. विका. नवी आवृत्ती आली म्हणून जुन्या आवृत्तीसाठी छापलेलं पुस्तक आपोआप बेकायदा होत नाही. तुमच्या तिन्ही पुस्तकांना परवान्याच्या बाजूने जवळजवळ धोका नाही. धोका बाजाराचा आहे, आणि तोही तिन्हींना सारखा नाही. नवी आवृत्ती जाहीर झाली की बहुतेक प्रकाशक परवान्याची कलमं वाचायला बसतात. त्या दिवशी पहिला फोन वितरकाला जायला हवा. पण परवान्याचा गोंधळ डोक्यात असला की बाजाराचा विचार नीट होत नाही, म्हणून आधी तो निस्तरू.

दुसऱ्याच्या खेळासाठी पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकाचं पुस्तक तीन निरनिराळ्या आधारांवर उभं असू शकतं. पहिला आधार मजकुराचा परवाना: मूळ नियमांचा अमुक भाग उचलून वापरायची मुभा. दुसरा खुणेचा: मुखपृष्ठावर त्यांचा लोगो किंवा खेळाचं नाव लावायची मुभा. तिसरा विक्रीमंचाचा: त्यांच्याच ऑनलाइन दुकानात, त्यांच्याच जगात घडणारं काही लिहून विकायची मुभा. लोक या तिन्हींना सरसकट ‘लायसन्स’ म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. मजकुराचे खुले परवाने सहसा कायमचे असतात. खुणेचे परवाने देणारा मनात आलं की मागे घेऊ शकतो. विक्रीमंचाचा करार त्या मंचापुरता. आवृत्ती बदलते तेव्हा पहिला घाव बहुतेक वेळा खुणेवर पडतो, आणि जुन्या साठ्याची खरी अडचण होते तीही तिथेच, कारण लोगो मुखपृष्ठावर छापलेला असतो आणि छापलेलं पुसता येत नाही.

या तिन्हींच्या खाली चौथी एक जमीन आहे, ती म्हणजे कायदा. अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम १०२(ब) नुसार कल्पना, पद्धत, कार्यपद्धती यांना कॉपीराइट मिळत नाही; मिळतो तो त्यांच्या शब्दांकनाला. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात बोनस मिळवायचा, ही पद्धत कुणाच्या मालकीची नाही. त्या पद्धतीचं वर्णन करणारा परिच्छेद मालकीचा आहे. २००८ मध्ये केंझर अँड कंपनीने आपल्या किंग्डम्स ऑफ कॅलमारची डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीला जुळणारी आवृत्ती कोणताही परवाना न घेता काढली, ती याच भरवशावर. अर्थात त्या कंपनीचा प्रमुख स्वतः वकील होता. तुमच्या घरात वकील नसेल तर या वाटेने जाण्याआधी खिसा तपासा. १९९० च्या दशकात खेळाच्या तेव्हाच्या प्रकाशकाने, टीएसआरने, मेफेअर गेम्सवर केलेला दावा आठवणाऱ्यांना माहीत आहे, की बाजू किती बरोबर आहे यापेक्षा किती वर्षं लढता येतं हे पुष्कळदा जास्त मोजलं जातं.

आता इतिहासाकडे वळतो, कारण आज जे घडतंय त्याचे दोन्ही नमुने तिथे सापडतात.

२००० च्या ऑगस्टमध्ये तिसरी आवृत्ती आली. तिच्यासोबत ओजीएल आणि डी२० सिस्टिम ट्रेडमार्क लायसन्स असे दोन वेगळे दस्तऐवज आले. ओजीएलने मजकूर दिला, डी२० परवान्याने लोगो. लोगो हवा असेल तर अटी होत्या: पात्र तयार करायचे आणि अनुभवाचे गुण लावायचे नियम पुस्तकात द्यायचे नाहीत, आणि मुखपृष्ठावर किंवा मलपृष्ठावर प्लेयर्स हँडबुक लागेल अशी ओळ छापायची. म्हणजे लोगोवाल्या प्रत्येक पुस्तकाने खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या मुख्य पुस्तकाचा खप वाढवायचा. सौदा चोख होता. नवं हँडबुक जेन कॉन या खेळांच्या मेळ्यात आलं त्याच वेळी ॲटलस गेम्सचं थ्री डेज टु किल आणि ग्रीन रोनिनचं डेथ इन फ्रीपोर्ट ही ॲडव्हेंचर्स विक्रीला तयार होती, आणि मग दोन-तीन वर्षं डी२० लोगोच्या पुस्तकांचा पूर आला. तो शिक्का असला की दुकानदार डोळे मिटून मागवायचे.

जुलै २००३ मध्ये ३.५ आवृत्ती आली. परवाना कुणाचाच गेला नव्हता. ३.० साठी छापलेलं पुस्तक त्या महिन्याच्या सुरुवातीला जितकं कायदेशीर होतं तितकंच महिन्याच्या अखेरीस होतं. तरीही दुकानांतल्या शेल्फांवरचा माल जागच्या जागी जुना झाला. पूर आधीच आला होता, निकृष्ट पुस्तकंही खूप होती, त्यामुळे सगळं खापर ३.५ वर फोडणं बरोबर नाही. पण ज्या प्रकारे ते घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे.

३.० च्या एका मॉन्स्टरचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे त्याच्या आकड्यांची चौकट, घ्या. त्यात ‘डॅमेज रिडक्शन १०/+१’ असं लिहिलेलं असायचं: किमान +१ चं जादुई शस्त्र असेल तर ठीक, नाहीतर प्रत्येक फटक्यातले १० गुण वजा. ३.५ मध्ये ती ओळ ‘१०/मॅजिक’ झाली. ‘विल्डरनेस लोअर’ या कौशल्याचं नाव ‘सर्व्हायव्हल’ झालं, ‘पिक पॉकेट’चं ‘स्लाइट ऑफ हँड’. रेंजर हा क्लास नव्याने बांधला, हेस्ट ही जादू कमजोर केली. यातली कुठलीच गोष्ट टेबलावर अडत नाही. सरावलेला गेम मास्टर (खेळ चालवणारा) जुना स्टॅट ब्लॉक वाचता वाचता बदलून घेतो. पण दुकानात पुस्तक उलटसुलट करून पाहणारा गिऱ्हाईक तसा विचार करत नाही. त्याला दिसतं एवढंच, की हे पुस्तक जवळजवळ बरोबर आहे. आणि ‘जवळजवळ बरोबर’ला कुणी पूर्ण किंमत देत नाही. थोडं थांबू, सुधारून येईल, असं म्हणून तो पुस्तक परत ठेवतो.

म्हणून माझं मत असं आहे की साठ्याच्या दृष्टीने अर्धवट बदल हा पूर्ण बदलापेक्षा वाईट. पूर्ण नवी आवृत्ती आली की जुनी आवृत्ती एक बंद, पुरी झालेली गोष्ट म्हणून शिल्लक राहते. तिचे निष्ठावंत खेळाडू उरतात आणि तिच्यासाठी नवं काही येणार नसल्याने आहे तो माल विकत घेतात. अर्धवट बदलात निष्ठावंतही पुढे सरकतात, आणि जुना माल कुणाचाच राहत नाही. २०२४ चे नियम या अर्धवट प्रकारातले आहेत. ते आणताना विझार्ड्सने त्यांना पाचवी आवृत्तीच म्हटलं.

२००८ मध्ये पूर्ण बदल झाला. चौथी आवृत्ती जूनमध्ये आली आणि डी२० लोगोचा परवाना बंद झाला. त्या लोगोचा छापील साठा खपवायला वर्षअखेरपर्यंतची मुदत मिळाली. ओजीएलला मात्र हात लागला नाही. म्हणजे पुस्तकातला मजकूर वैध आणि मुखपृष्ठावरचा कोपऱ्यातला चौकोन अवैध अशी स्थिती झाली. पीडीएफवाल्यांनी लोगो काढून फाइल पुन्हा चढवली, विषय संपला. छापील मालवाल्यांपुढे तीनच वाटा होत्या: पडेल भावात झटपट विकणं, लोगोवर चिकटपट्टी लावणं, किंवा रद्दी. ज्यांनी लोगोच्या अटी नकोत म्हणून सुरुवातीलाच फक्त ओजीएलवर पुस्तकं उभी केली होती, त्यांना या धावपळीशी देणंघेणं नव्हतं.

इथे एक गोष्ट खूप लोक चुकीची सांगतात. लोगोचा परवाना संपला की दुकानात आधीच गेलेल्या प्रतींचं काय? परवाना प्रकाशकाने घेतलेला असतो, दुकानदाराने नाही. कायदेशीररीत्या छापून एकदा विकलेली प्रत पुढे विकायचा हक्क ती विकत घेणाऱ्याला मिळतो. म्हणून विकत घेतलेला माल आणि विक्रीसाठी ठेवायला दिलेला माल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वितरकाकडे कन्साइनमेंटवर ठेवलेल्या प्रती कागदोपत्री तुमच्याच असतात, म्हणजे मुदतीच्या अटीही तुम्हालाच लागतात. आणि मालकीचा हा प्रश्न फक्त परवान्यापुरता नसतो. जानेवारी २०२५ मध्ये डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्यूटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्यांच्या गोदामात कन्साइनमेंटवर पडलेला माल कुणाचा, प्रकाशकांचा की देणेकऱ्यांचा, यावरून मोठा वाद उभा राहिला. तुमच्या वितरकाशी झालेल्या करारात हे स्पष्ट लिहिलेलं आहे का, ते या आठवड्यात बघून घ्या.

चौथ्या आवृत्तीसोबत जो नवा परवाना आला, गेम सिस्टिम लायसन्स, त्याच्या पहिल्या मसुद्यातलं एक कलम आजही नव्या प्रकाशकांना वाचायला द्यावं असं आहे. आपली एखादी ओजीएल मालिका या नव्या परवान्याखाली आणली, की त्या संपूर्ण मालिकेचं ओजीएल उत्पादन थांबवायचं. गोदामातला छापील साठा खपवता येईल, पण जुन्या पुस्तकांची डाउनलोड विक्री लगेच बंद. आणि नवा परवाना पुढे संपला तरी जुन्याकडे परत फिरता येणार नाही. म्हणजे नव्या आवृत्तीचं एक पुस्तक काढायच्या बदल्यात त्या मालिकेची मागच्या आठ वर्षांची सगळी यादी गहाण. छापील साठा खपवायची सवलत वाचून काही जणांना हायसं वाटलं असेल, पण लहान प्रकाशकाची जुनी यादी जगते ती पीडीएफवर, आणि घाव नेमका तिथे होता. ग्रीन रोनिनने सही केली नाही. २००९ मध्ये परवाना सुधारला, हे कलम गेलं, पण तोपर्यंत निर्णय होऊन गेले होते.

त्यातला सगळ्यात मोठा निर्णय पायझो या प्रकाशकाचा. २००७ पासून ते पाथफाइंडर नावाने ३.५ च्या नियमांवर ॲडव्हेंचरची मालिका काढत होते. मार्च २००८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ३.५ च्या एसआरडीवर स्वतःचाच खेळ काढणार, आणि ऑगस्ट २००९ मध्ये मूळ पुस्तक आलं. याची गोष्ट नेहमी बंडखोरीची म्हणून सांगितली जाते. मला त्यातली साठ्याची बाजू जास्त रंजक वाटते. नवा खेळ त्यांनी जुन्याशी मिळताजुळता ठेवला, त्यामुळे आधी छापलेली त्यांची स्वतःची आणि इतरांचीही ३.५ ची पुस्तकं एका झटक्यात जुनी ठरली नाहीत. नियमपुस्तक बाजारात ठेवलं की त्याच्या आसऱ्याने बाकीचा माल जगतो. हे ओजीएलमुळे शक्य झालं, कारण कलम ९ नुसार एकदा खुला केलेला मजकूर परवान्याच्या कोणत्याही अधिकृत आवृत्तीखाली वापरता येतो.

त्याच ‘अधिकृत’ या विशेषणावर जानेवारी २०२३ मध्ये सगळं गाडं अडलं. ओजीएल १.१ चा मसुदा फुटला. त्यात १.०ए यापुढे अधिकृत नाही असं म्हटलं होतं, आणि ७,५०,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी होती. १.०ए मध्ये ‘कायमस्वरूपी’ आहे, ‘अपरिवर्तनीय’, म्हणजे मागे घेता न येणारं, नाही, यावर लोकांनी रात्री जागवल्या. तो प्रश्न कोर्टात गेलाच नाही. २७ जानेवारीला विझार्ड्सने माघार घेतली, १.०ए ला हात लावणार नाही म्हणून जाहीर केलं आणि २०१४ च्या नियमांचं एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्स सीसी-बाय ४.० (श्रेय दिलं की मजकूर वापरू देणारा परवाना) खाली सोडून दिलं. त्या परवान्यात ‘अपरिवर्तनीय’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये २०२४ च्या नियमांचं एसआरडी ५.२ ही त्याच परवान्याखाली आलं.

तर तुमच्या साठ्यापुरतं: १.०ए छापलेल्या प्रती निर्धास्त विका. त्यातली अट मोडली असेल तर मात्र वेगळं. ओजीएल आपोआप रद्द होतं ते अट मोडल्याचं कळल्यावर ३० दिवसांत ती चूक दुरुस्त केली नाही तर. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे कलम १५ ची, म्हणजे ज्यांचा मजकूर घेतला त्यांच्या कॉपीराइट नोंदींची, यादी अपुरी असणं, किंवा एसआरडीत नसलेला एखादा खास मॉन्स्टर नावानिशी वापरणं. गोदामात आहे ते पुस्तक एकदा या नजरेने चाळा.

पुनर्मुद्रणाची गोष्ट निराळी. माझा सल्ला सीसी-बायचा. ओजीएल घेताना तुम्ही कलम ७ मध्ये एक हक्क सोडून देत होतात: दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी आपलं पुस्तक सुसंगत आहे असं सांगायचा. त्यामुळेच इतकी वर्षं पुस्तकांवर खेळाचं नाव न घेता आडवळणाने ‘जगातल्या सर्वांत लोकप्रिय रोलप्लेइंग खेळासाठी’ असं लिहिलं जायचं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या एसआरडीत दिलेला श्रेयाचा मजकूर जसाच्या तसा छापला, की मुखपृष्ठावर ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ किंवा ‘५ई सुसंगत’ असं उघड लिहिता येतं. शिवाय तुमचा स्वतःचा मजकूर खुला करायचं बंधन नाही. पायझोच्या पुढाकाराने आलेलं ओआरसी लायसन्स या बाबतीत वेगळं वागतं: त्याखाली पुस्तक काढलं की त्यातले तुमचे नियमही इतरांसाठी खुले होतात. वाईट नाही, पण सही करण्याआधी माहीत असावं.

पण थांबा, मॉन्स्टरांच्या संग्रहात मेख आहे. तुमच्या पुस्तकाच्या शेवटी कलम १५ मध्ये काय काय लिहिलं आहे ते काढून बघा. तिथे एसआरडी ५.१ शिवाय इतर प्रकाशकांच्या पुस्तकांची नावं असतील, उदाहरणार्थ नेक्रोमान्सर गेम्सचं टोम ऑफ हॉरर्स, तर त्या पुस्तकातून घेतलेला प्रत्येक प्राणी तुमच्याकडे ओजीएलच्या वाटेने आला आहे. विझार्ड्सने क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये सोडलं ते त्यांचं ५.१, इतरांचा मजकूर त्यात येत नाही, आणि ३.५ चं एसआरडीही त्या घोषणेत नव्हतं. म्हणजे पुस्तक सीसी-बायवर न्यायचं तर तेवढे प्राणी गाळायचे, मूळ प्रकाशकाकडून लेखी परवानगी आणायची, किंवा त्या पुस्तकापुरतं १.०ए कायम ठेवायचं. शेवटचा पर्याय कंटाळवाणा पण बिनधोक आहे, आणि फक्त मॉन्स्टरांच्या पुस्तकासाठी मी तोच निवडेन. एकाच पुस्तकात दोन परवान्यांची सरमिसळ करता येते असं सांगणारे भेटतील. येतेही, कोणता परिच्छेद कोणत्या परवान्याखाली हे काटेकोर दाखवलं तर. ते काम संपादकाचं डोकं खातं.

आता बाजार. तुमच्या तीन पुस्तकांत सगळ्यात टिकाऊ ॲडव्हेंचर आहे. त्यातली गावं, माणसं, कटकारस्थानं आवृत्ती बदलल्याने शिळी होत नाहीत, आणि आतले मॉन्स्टर बहुतेक मुख्य पुस्तकातलेच असल्याने गेम मास्टर नव्या पुस्तकातून त्यांचे नवे आकडे घेतो. मॉन्स्टरांचा संग्रह मधल्या पायरीवर. २०१४ चा स्टॅट ब्लॉक २०२४ च्या टेबलावर चालतो. इनिशिएटिव्हचा (कुणाची पाळी आधी, हे ठरवणारा) आकडा वेगळा दिलेला नसतो, पण तो डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाईच्या आकड्यातून काढता येतो.

सबक्लासेसचं पुस्तक सगळ्यात आधी मरतं. तुमच्या क्लेरिकच्या, म्हणजे पुरोहित पात्राच्या, डोमेनचंच उदाहरण घ्या; त्याच्या सबक्लासला डोमेन म्हणतात. २०१४ मध्ये क्लेरिक पहिल्याच लेव्हलला डोमेन निवडायचा आणि त्याला डोमेनच्या क्षमता १, २, ६, ८ आणि १७ या लेव्हलना मिळायच्या. २०२४ मध्ये सगळ्याच क्लासेसचा सबक्लास तिसऱ्या लेव्हलला सुरू होतो, आणि क्लेरिकच्या डोमेनच्या पायऱ्या ३, ६, १७ अशा आहेत. नव्या प्लेयर्स हँडबुकमध्ये जुन्या सबक्लाससाठी सोय आहे, की तिसऱ्याच्या आधीच्या क्षमता तिसऱ्या लेव्हलला घ्याव्यात. पण मग पहिल्या आणि दुसऱ्या लेव्हलचा सगळा ऐवज एकदम तिसऱ्याला पदरात पडतो, आणि आठव्या लेव्हलची क्षमता अधांतरी राहते, कारण तिथे जे काही मिळायचं ते आता क्लासच्याच मूळ नियमांत गेलं आहे. खेळाडू हे पुस्तक स्वतःच्या पात्रासाठी विकत घेतो; त्याला चालवून घेण्यात रस नसतो. गेम मास्टर चालवून घेतो, खेळाडू घेत नाही. साठ्याच्या किमतीबद्दल निर्णय घेताना एवढा एक भेद धरून चाला.

मग करायचं काय? ॲडव्हेंचरची किंमत पाडू नका. त्याच्यासाठी दोन-चार पानांचं रूपांतर-पत्रक फुकट पीडीएफ म्हणून द्या: कोणत्या पानावरचा कोणता मॉन्स्टर, नव्या नियमांत त्याच्याऐवजी काय. त्या पत्रकाचा दुवा छापलेला छोटा स्टिकर मलपृष्ठावर लावा. मुखपृष्ठावर ‘नव्या नियमांसाठी’ असा स्टिकर मात्र लावू नका. पुस्तक बदललेलं नाही, तेव्हा तसं सांगणं म्हणजे फसवणूक, आणि गिऱ्हाईक आतलं पहिलं पान उघडताच ती पकडतं. ‘५ई’ एवढ्यानेही आता भागत नाही, कारण दोन्ही नियम पाचवेच आहेत. साल लिहा.

मॉन्स्टरांचा संग्रह ॲडव्हेंचरसोबत जोडीने विका. सबक्लासेसच्या छापील प्रती आत्ताच, मागणी थोडी शिल्लक असतानाच, सवलतीत काढा. ते पुस्तक पुन्हा छापू नका. क्षमता नव्या पायऱ्यांवर बसवून पीडीएफ नव्याने करा, जुनी पीडीएफ घेतलेल्यांना ती फुकट द्या, आणि कागद हवाच असेल त्यांच्यासाठी प्रिंट-ऑन-डिमांड (मागणी आली की एकेक प्रत छापणं) ठेवा. दर प्रतीला खर्च जास्त येतो हे खरं, पण आवृत्ती बदलाच्या वर्षात गोदामाचं भाडं वाचतं आणि चुकीचा अंदाज आला तर रद्दी होत नाही.

वितरकाशी बोलताना एक गोष्ट विचारा: माल परत येऊ शकतो का? खेळांच्या दुकानांचे वितरक सहसा छापील किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास देऊन माल पक्का विकत घेतात. तो पडून राहिला तर तोटा त्यांचा. पुस्तकांच्या दुकानांचा व्यवहार परतीच्या बोलीवर चालतो. तिथे गेलेला माल विकला गेला असं हिशेबात दिसतं, तुम्ही तो पैसा पुढच्या छपाईत घालता, आणि नवी आवृत्ती जाहीर झाल्यावर काही महिन्यांनी खोकी परत यायला लागतात. टीएसआरला १९९६ च्या अखेरीस बुडवलं त्यात अशा परत आलेल्या मालाचा मोठा वाटा होता, आणि तो खेळाचा मूळ प्रकाशकच होता. पुस्तकांच्या दुकानांत तुमचा माल असेल तर आजपासून त्याच्या काही भागाची तरतूद बाजूला काढा, परत आलेला नसला तरी.

विक्रीमंचाबद्दल फार नाही. तुमचं काही लेखन डीएमएस गिल्ड या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या विक्रीमंचावर असेल तर ते तिथलंच आहे. विक्रीतला अर्धा वाटा तुम्हाला मिळतो, पण तोच मजकूर दुसऱ्या खेळासाठी दुसरीकडे नेता येत नाही. ट्रॅव्हलर या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळासाठी लिहिणाऱ्या बाहेरच्या प्रकाशकांनी याची उलट बाजू दाखवली. २०१६ मध्ये त्या खेळाचा प्रकाशक मॉन्गूसची नवी आवृत्ती आली, तिचे नियम ओजीएलखाली आले नाहीत, बाहेरच्यांसाठी विक्रीमंचाचा कार्यक्रम आला. तेव्हा काहींनी जुन्या खुल्या एसआरडीवरून सीफियस इंजिन नावाने नियम उभे केले आणि आपली पुस्तकं त्याच्याशी जोडली. जुनी पुस्तकं त्यांच्या स्वतःच्या मालकीची असल्यामुळेच हे जमलं.

आणि पुन्हा छपाईला जाण्याआधी चित्रकारांचे करार काढून वाचा. याकडे हमखास दुर्लक्ष होतं. लहान प्रकाशक चित्रं बऱ्याचदा एका आवृत्तीपुरती किंवा ठरावीक प्रतींपुरती घेतात, कारण ती स्वस्त पडतात. नियमांची आवृत्ती बदलून पुस्तक नव्याने आलं की ते कराराच्या भाषेत नवं पुस्तक ठरू शकतं, आणि मुखपृष्ठासकट सगळ्या चित्रांची परवानगी पुन्हा घ्यावी लागते. लेखकांच्या करारातलं ‘छपाईबाह्य’ झाल्यावर हक्क परत जाण्याचं कलमही तपासा: सबक्लासेसचं पुस्तक छापणं थांबवलंत आणि करारात प्रिंट-ऑन-डिमांडला छपाई मानलेलं नसेल, तर ज्या मजकुराची नवी पीडीएफ करायला निघालात त्याचे हक्क लेखक परत मागू शकतो. आधी त्याला पत्र लिहा, मग मांडणीकाराला काम द्या.